शेजारची ओळ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग महिनाभर वाचनबंदी, मग नातवाची परीक्षा... असो. आजचा विषय थोडा घरगुती आहे. घरातल्यांनी तर हा लेख वाचावाच, पण ज्यांच्या माळ्यावर जुन्या कागदांची पेटी पडून आहे अशा सगळ्यांनी वाचावा असं वाटतं.

गोष्ट २०२३ च्या दिवाळीच्या आसपासची. तुम्हाला आठवत असेल, त्या वेळी महाराष्ट्रभर कुणबी नोंदींचा शोध चालू होता. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम आधी मराठवाड्यापुरतं होतं, ते पुढे सगळ्या राज्यात सुरू झालं. १९६७ पूर्वीचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, शाळांचे जनरल रजिस्टर, हक्कनोंदणीची पत्रकं, पाहणीपत्रकं, सगळे रुमाल सोडून लोक बघायला लागले. यातली पुष्कळशी दप्तरं मोडीत. त्यामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला! मी २००९ साली निवृत्त झाल्यावर वेळ जात नव्हता म्हणून मोडीचा वर्ग लावला होता. घरचे तेव्हा हसायचे, 'या वयात बाराखडी गिरवताय का' म्हणून. पण त्या दिवाळीत आमच्या कोल्हापूरच्या घरी चपलांचा ढीग पडायचा.

आमचा पुतण्याही आला. मोबाईलमध्ये पानांचे फोटो घेऊन. आमचं गाव पन्हाळा तालुक्यातलं, तिथल्या जुन्या मृत्यूनोंदींचे.

"काकू, आपल्या घराची नोंद ह्यात आहे म्हणत्यात. जातीच्या रकान्यात काय लिवलंय तेवढं बघा."

"अरे, थांब जरा, सगळं पान तर वाचू दे."

"बाकीच्याचं काय करायचंय? तेवढा एक शब्द सांगा की."

मी त्याला तो शब्द वाचून दिला. काय होता ते इथं सांगत नाही. आरक्षण असावं की नसावं हाही या लेखाचा विषय नाही. शब्द मिळाला, पुतण्या चहा पिऊन गेला. जाताना एवढं म्हणाला, "पानं तुमच्या मोबाईलवर टाकतो, बसा वाचत." आणि मी खरंच बसले वाचत.

आता थोडं मागं जावं लागेल.

मी १९७३ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमच्या आजेसासूबाई होत्या. वय सत्तरीच्या घरात, पाठीत वाकलेल्या. घरात सगळे त्यांना नुसतं 'म्हातारी' म्हणत. कामाला वाघ. पहाटे उठून गोठा, शेण, वैरण, सगळं तीच बघायची. पण घरात काही शुभकार्य असलं की ती दिसायची नाही. माझ्या लग्नात सगळ्यांच्या पाया पडून झालं, तेव्हा मी विचारलं, "आजींच्या पाया पडायचं राहिलं ना?" तर एक थोरली बाई म्हणाली, "राहू दे." म्हातारी परड्याच्या दारात उभी होती. तिनंही हातानंच 'नको' म्हटलं.

कारण मला पुढे हळूहळू कळलं. ती पांढऱ्या पायाची. ती या घरात आली आणि वर्षाच्या आत घरातली दोन माणसं गेली, तिचे सासरे आणि धाकटा दीर. पाठोपाठ ओढ्याकडचं शेत गहाण पडलं ते कधी सुटलंच नाही. घरात हे कुणी रागानं सांगायचं नाही. पावसाळ्यात विहीर भरते हे जसं सांगावं तसं सांगायचे. तिच्या कानावर पडेल अशा आवाजात सांगायचे. मी बी. ए. झालेली, शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध घालणारी शिक्षिका, मीही कधी काही बोलले नाही. नवी सून होते, हे कारण पुढची सहा वर्षं काही खरं नव्हतं. १९७९ साली म्हातारी गेली.

एकदाच ती माझ्याशी त्या दिवसांबद्दल बोलली होती. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. म्हणाली, "मानमोडीत गेली गं समदी." मला वाटलं, कुणाला शिवी देते आहे. 'तुझी मान मोडो' म्हणतात तसं काही. मी विषय वाढवला नाही.

आता त्या पानांकडे येते.

आमच्या घराची नोंद होती ऑक्टोबर १९१८ ची. म्हातारीचे सासरे. वय, जात, धंदा शेती, मरणाचं कारण 'ताप'. पाच ओळी खाली दुसरी नोंद, तिचा दीर, वय १९, कारण 'ताप'. इथवर घरात सांगत होते ते बरोबरच होतं. पण मी शिक्षिका. हजेरीपट बघायची सवय अशी की एका मुलाचं नाव बघताना वरखालची नावं आपोआप वाचली जातात. तशा मी मधल्या ओळी वाचल्या. सुताराच्या घरचा एक, ताप. पाटलाच्या घरची सून, वय २२, ताप. महारवाड्यातली तीन माणसं एकाच दिवशी, ताप. न्हाव्याचा मुलगा, ताप. पान उलटलं, पुन्हा तेच. आधीच्या अख्ख्या वर्षाला त्या रजिस्टरची दोन पानं पुरली होती. दसऱ्यापासून दिवाळीनंतरच्या आठवड्यापर्यंत जेमतेम महिना होतो, त्याला पाच पानं लागली होती. आणि वयं बघा तर वीस, पंचवीस, तीस, बत्तीस. म्हातारे आणि तान्ही मुलं तर नेहमीच जायची, पण इथं कर्त्या माणसांची रांग लागली होती.

१९१८ म्हणजे इन्फ्लुएंझाचं साल. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जगभर पसरलेली साथ. जूनमध्ये मुंबईत आली आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तिनं खेडीच्या खेडी झोपवली. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हे आपल्या खानेसुमारीच्या इतिहासातलं एकच दशक असं, की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तरण्याताठ्यांना जास्त धरणं हे या तापाचं खास लक्षण होतं. गावकामगाराच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग, ताप अशी ठरावीकच कारणं असायची. नव्या रोगाला रकाना कुठला? म्हणून सगळे 'ताप'. पण लोकांनी मराठीत त्याला नाव दिलं होतं. मानमोडी!

चष्मा काढून मी बराच वेळ तशीच बसले. म्हातारीनं मला सांगितलं होतं. अगदी नेमक्या शब्दात सांगितलं होतं. मला तो शब्द माहीत नव्हता, एवढंच.

आणि तिसरी नोंद. दिराच्या नंतर चार दिवसांची. 'मुलगी, नाव नाही, वय दिवस ११.' बापाचं नाव आमच्या आजेसासऱ्यांचं. म्हणजे ही म्हातारीची मुलगी, तिचं पहिलं मूल. ती पंधरा-सोळा वर्षांची असेल तेव्हा. घरात साठ वर्षं 'ती आली आणि दोन माणसं गेली' असा हिशेब चालला होता. प्रत्यक्षात गेली तीन. तिसरी कुणी मोजलीच नव्हती, कारण ती फक्त तिची होती.

मग मला गहाणखताची आठवण झाली. दिराकडे (माझ्या, म्हातारीच्या नव्हे!) जुन्या कागदांची एक गाठोडी आहे, ती मागवून घेतली. करवीर सरकारचा छाप असलेल्या कागदावर ओढ्याकडच्या शेताचं गहाणखत निघालं, १९१९ च्या उन्हाळ्यातलं. साठ रुपयांना. कारण लिहिलं आहे, गुदस्ता पाऊस न झाल्याने बियाण्यास व सरकारसाऱ्यास रक्कम पाहिजे म्हणून. १९१८ साली पाऊसही दगा देऊन गेला होता. साथ आणि दुष्काळ एकाच वर्षी. घरातले दोन कर्ते पुरुष गेलेले, पीक नाही, शेतसारा मात्र द्यायचाच. मग दुसरं काय करणार? एका पानावर सगळं स्पष्ट लिहून ठेवलं होतं, आणि ते पान शंभर वर्षं आमच्याच घरात होतं.

तर सांगायचा मुद्दा असा. आपण पूर्वजांचे कागद शोधतो ते काहीतरी सिद्ध करायला. कुणाला जात, कुणाला वारसा, कुणाला 'आमचे पूर्वज अमक्या लढाईत होते' हे. त्यात चूक काही नाही, ज्याला गरज आहे त्यानं शोधावंच. पण आपला एक रकाना वाचून पान मिटलं तर पूर्वज हाती लागत नाहीत, नुसता दाखला हाती लागतो. ती माणसं कशी जगली, काय खाल्लं, कशानं मेली, कुणापुढं हात पसरला, हे शेजारच्या रकान्यात आणि शेजारच्या घराच्या ओळीत असतं. आमच्या घराच्या तीन ओळीच वाचल्या असत्या तर म्हातारी दोषीच राहिली असती, उलट पुरावाच मिळाला असता. पाटलाची, सुताराची, महारवाड्याची ओळ वाचली म्हणून ती सुटली.

पण कागदावर आंधळा विश्वासही ठेवू नये. हे मी अनुभवानं सांगते, कारण असे कागद मी स्वतः लिहिले आहेत. शाळेचं जनरल रजिस्टर मी कितीतरी वर्षं भरलं. माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला का असतो, माहीत आहे ना? पोरगं शाळेत घालायला आणलं की आई म्हणायची, "मोठ्या पावसात झालं." मास्तर डोक्यावरून हात घालून कान पकडायला लावायचे, सहा वर्षांचं दिसतंय म्हणायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. मीही लिहिलं आहे. त्याहून एक गोष्ट मला टोचते. चौथीतली एक हुशार मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली. मी दोनदा तिच्या घरी गेले, तिसऱ्यांदा गेले नाही. रजिस्टरमध्ये 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं, 'सतत गैरहजर'. उद्या तिची पणती ते पान वाचेल तर तिला वाटेल, पणजी शाळा बुडवायची! कागद खोटं बोलत नाही, पण लिहिणाऱ्याला जेवढं लिहावंसं वाटलं तेवढंच बोलतो.

आणि बायकांबद्दल तर फारच कमी बोलतो. आमच्याकडे सुगीनंतर हेळवी यायचा, चोपडी उघडून आमच्या घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या धडाधड म्हणून दाखवायचा. ऐकायला फार छान वाटायचं. पण सगळे बापे. सातबाऱ्यावरही तेच. म्हातारीचं स्वतःचं नाव मला १९७९ पर्यंतच्या एकाही कागदावर सापडलं नाही. तिच्या मरणाच्या नोंदीत मात्र पहिल्यांदा पूर्ण नाव आहे.

माझी भाची डब्लिनला असते. तिला हे फोनवर सांगितलं तर तिनं मला एक गंमत दाखवली. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या खानेसुमारीची घराघराची मूळ पत्रकं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं सगळ्यांना फुकट बघायला ठेवली आहेत. कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट. त्याआधीचं बरंच काही त्यांनी गमावलं. काही सरकारनंच नष्ट केलं आणि पुष्कळसं १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागली त्यात गेलं. म्हणून उरलेलं ते जिवापाड जपतात. त्या पत्रकांत काय काय आहे! घराच्या भिंती कशाच्या, छप्पर गवताचं की कौलाचं, दर्शनी बाजूला खिडक्या किती, कुणाला लिहितावाचता येतं. आणि १९११ च्या पत्रकात लग्न झालेल्या बाईला विचारलं आहे, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, त्यातली हयात किती. तिथल्या खेड्यातल्या एका शेतकरणीची ओळ भाचीनं वाचून दाखवली. जन्मलेली आठ, हयात पाच. मला एकदम आमची म्हातारी आठवली. तिला हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर तिनं नक्की मोजून सांगितलं असतं.

आपल्याकडे खानेसुमारीची घरवार पत्रकं अशी बघायला मिळत नाहीत. पण जे आहे तेही थोडंथोडकं नाही. इथं कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, त्यात करवीर संस्थानच्या काळातली मोडी दप्तरं आहेत. १९१७ साली शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्यामुळे आपल्याकडे गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं आहेत. तहसिलीत जन्म-मृत्यूची रजिस्टरं, फेरफार, पाहणीपत्रकं आहेत. पाहणीपत्रकात एखाद्या साली 'पड' लिहिलेलं दिसलं तर नुसतं पुढं जाऊ नका. त्या साली शेत का पडलं? बैल मेला, माणूस मेलं की पाऊस पडला नाही? त्याच गावची त्याच सालची मृत्यूची पानं काढून बघा. सालं जुळवणं अवघड नाही. शकात ७८ मिळवा, फसली सालात ५९० मिळवा, की इंग्रजी साल येतं. फसली साल मृगाला सुरू होतं एवढं ध्यानात ठेवा. मोडी शिकायला कष्ट आहेत, पण तीन-चार महिन्यांत हात बसतो. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी जमलं, तर तुम्हाला का नाही जमणार?

आमच्या जाऊबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "खरं असंल. पण आता मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?"

प्रश्न बरोबर आहे. म्हातारीला उपयोग नाहीच. उशीर झाला, आणि त्यात माझाही वाटा आहे. पण गेल्या वर्षी आमच्या भावकीत एक लग्न झालं, महिन्याभरात नवऱ्या मुलाच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. ते बरे होऊन घरी आले. पण दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोघी जणी हळू आवाजात काय बोलत होत्या ते मी ऐकलं. शब्द तेच होते, शंभर वर्षांपूर्वीचे. ती नवी सून इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते. तिनंही ऐकलं असणार. या वेळी मी गप्प बसले नाही. तिथंच दोघींना १९१८ ची पाच पानं तोंडपाठ सांगितली. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण बोलायच्या थांबल्या.

पुतण्यानं आता वंशावळीचा मोठा तक्ता केला आहे, फ्रेम करून गावच्या घरात लावला आहे. त्यात मी दोन गोष्टी घालायला लावल्या. एक म्हातारीचं पूर्ण नाव, आणि तिच्याखाली पहिली ओळ, 'मुलगी, १९१८, ११ दिवस'. तो आधी म्हणाला, "काकू, हिचं नाव न्हाई, लिवायचं कसं?" मी म्हटलं, जसं रजिस्टरमध्ये आहे तसंच लिही.

तेव्हा मंडळी, तुमच्या माळ्यावरच्या पेट्या खाली काढा. वाळवी आणि पावसाची ओल कुणाची वाट बघत नाही. फोटो काढा, कागद कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. वाचता आला नाही म्हणून कुठलाही कागद बंबात घालू नका. वाचून द्यायला मी आहे, डोळा आता चांगला दिसतो आहे. एकच अट. एका शब्दासाठी येऊ नका, सगळं पान वाचायला वेळ काढून या. चहा मी करीन.